एका शिट्टीत थांबलेली गाडी

९ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार तुला आणि दाजींना. आईलाही. बाबांना मात्र या पत्रातून नमस्कार नाही, मी अजून धुमसतोय.

दोघं सुखरूप पोचली असतील. वाटेत बाबांनी त्या बसच्या कंडक्टरला तिकीट कसं फाडायचं ते शिकवलंही असेल. पण इथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नसणार, आणि आईने सांगितलं असलं तरी अर्धं गिळून. म्हणून माझ्याकडून ऐक.

त्यांनी एकदा इथे यावं म्हणून मी किती मागे लागलो होतो ते तुला ठाऊक आहे. मी शाळा सोडली, गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, बोटीवरून तर पहिल्याच खेपेला पळून आलो. पण या पार्कात टिकलो. आणि टिकलो तर बाबा काय म्हणाले? की मी जन्मभर बसवर कंडक्टर होतो, माझ्या गाडीत चढलेला माणूस कुठेतरी पोचायचा. तुझ्या गाडीत बसलेला माणूस गरागरा फिरतो, बोंबलतो आणि चढला तिथेच उतरतो, हे काय काम झालं? ताई, हे बोलणं मला अजून सलतंय. म्हटलं, एकदा बघू देत. रोलर कोस्टर म्हणजे जत्रेतला पाळणा नव्हे हे त्यांना कळू दे.

त्यात या मोसमात मला पॅनेल मिळालं होतं. पॅनेल म्हणजे फलाटाला लागून असलेली काचेची खोली. हिरवं बटण दाबलं की गाडी सुटते, लाल दाबलं की थांबते. चाचणीवरच मिळालं होतं, पण मोसम नीट गेला असता तर कायम झालो असतो. मी, आठवी नापास, कायम!

तर आली दोघं. बाबा इस्त्रीच्या शर्टात, खिशात ती शिट्टी. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ती खिशातून जात नाही. मी त्यांना मानाने पुढच्या रांगेत बसवलं. मांडीवरचे दांडे तपासायचं काम लंबूचं, म्हणजे माझ्या खोलीतल्या जोडीदाराचं. पण मी त्याला म्हटलं, बाजूला हो, ही माझी माणसं आहेत, मी बघतो. एका बाकाला दोघांत मिळून एकच दांडा असतो. मी तो खाली दाबला, टकटक आवाज झाला, बाबांच्या पोटाला टेकला, वर ओढून बघितला, हलला नाही. बाबांच्या पोटावर असं काही दाबायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली, त्यामुळे ते एकीकडे बघत होते नि मी दुसरीकडे. आई शाल पांघरून खुशीत बसली होती. मी पॅनेलवर गेलो आणि हिरवं दाबलं. काय रुबाबात दाबलं, तू बघायला हवी होतीस.

गाडी साखळीवरून कटकट करत चढाला लागली. अर्धा चढ झाला आणि शिट्टी वाजली. एक. लांब.

आता तुला काय सांगू? एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे आपण बोलायच्या आधी शिकलो. साखरेच्या डब्यात हात असताना एक शिट्टी आली तर आपण हात डब्यातच ठेवून पुतळ्यासारखे उभे राहायचो. मी बटण दाबलं असं म्हणणार नाही, ताई. हात गेला. गाडी चढावर उभी.

लोकांना वाटतं गाडी अशी अडकली म्हणजे आता घसरून खाली येणार. तसं काही होत नाही, खाली दाते असतात, ते धरून ठेवतात. पण एकदा चढावर लाल दाबलं की इंजिनीअरने साखळी तपासल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. आणि इंजिनीअर पार्कच्या दुसऱ्या टोकाला, पंपाच्या खड्ड्यात गुडघाभर पाण्यात. मग काय, एकेक रांग किल्लीने उघडून माणसांना कडेच्या जिन्याने उतरवायचं. डोक्यावर ऊन, मागच्या रांगेतून शिव्या, खाली पाचशे मोबाइल वर केलेले. मला पॅनेल सोडून जाता येत नाही, असा नियमच आहे, म्हणून मी काचेमागे बसून माझी अब्रू जिन्याने एकेक पायरी उतरताना बघत होतो.

बाबा उतरले ते लालबुंद, घामाने निथळत, माशासारखा तोंडाने श्वास घेत. कुणीतरी नेमकं तेवढंच चित्रित केलं. आता ते गावभर फिरतंय, नाव दिलंय घाबरलेले आजोबा. मी विचारलं की शिट्टी का वाजवली. म्हणाले, सवय. बस्स, एक शब्द. पाणी प्यायले आणि आईला घेऊन परतीच्या बसला गेले.

गाडी का थांबवली याचं कारण मला लिहून द्यावं लागलं. आमच्या शिफ्टच्या बाई म्हणाल्या की काहीतरी दिसलं असेल, वाटलं असेल, ते लिही. मला काही दिसलं नव्हतं. मी लिहिलं, वडिलांनी शिट्टी वाजवली म्हणून. झालं! आता मी पॅनेलवर नाही, बदकांवर आहे. पिवळी बदकं असतात, त्यात दुधाचे दात पडलेली मंडळी बसतात आणि मी त्यांना हळूहळू गोल फिरवतो. जो तो माझ्यामागून जाताना शिट्टी मारतो. आणि सगळ्यात चीड कशाची येते सांगू? दर वेळी मी थांबतो.

लोभ आहेच, पण सध्या घरात तो तुझ्यापुरताच वाटून घे.

तुझा,
भिंगऱ्या


१३ मे

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र ताईला न दाखवता लिहितोय.

तुम्ही घाबरलात तर घाबरलात. माणूस घाबरतो. मोठमोठे पैलवान आमच्या गाडीत देवाचा धावा करतात. पण तसं सांगायचं होतं. सवय म्हणालात. म्हणजे तुमच्या सवयीपायी माझी नोकरी? मला कायम करायचं की नाही ते मोसमाअखेर ठरणार होतं, आता त्याबद्दल कुणी बोलतही नाही.

तुम्हाला पहिल्यापासून माझं काम म्हणजे पोरखेळ वाटतो. आता खरोखरच पोरखेळावर आहे. मनासारखं झालं असेल.

बंदरावर माल उतरवायला माणसं हवी आहेत असं कळलंय. पुढच्या महिन्यात तिकडे जाईन म्हणतो. भिंगऱ्या पुन्हा फिरला असं तुम्ही म्हणाल. म्हणा. या वेळी भिंगरीची दोरी तुम्हीच ओढलीत.

तब्येतीस जपावे.

आपला मुलगा


२० मे

चि. भिंगऱ्यास,

अ. उ. आशीर्वाद, आणि एक धपाटाही सोबत समज, कारण तुझं बाबांना लिहिलेलं पत्र मी वाचलं. तू त्यांना वाटेल ते लिहिलंस आणि पाकिटावर पत्ता माझ्या दुकानाचा! मला न दाखवता लिहितोस तर पत्ता तरी घरचा घालायचास, शहाण्या. औषधांच्या खोक्यांबरोबर फोडलं गेलं.

ते मी बाबांना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मी वाट बघत होते, आता भडकतील, मग भडकतील. घडी घातली, शिट्टीच्या खिशात ठेवली आणि म्हणाले की पोराचं अक्षर सुधारलंय. एवढंच. मी म्हटलं, यांना ऊन लागलं की काय!

खरं सांगू, मला हे बाबा समजेनासे झालेत. शेजारचे काका मुद्दाम ते चित्रित केलेलं घेऊन आले, हसत हसत दाखवलं, तर बाबा म्हणतात की हो, घाबरलो बुवा, वय झालं. आपले बाबा! ब्रेक निकामी झालेल्या बसच्या दारात उभं राहून शिट्टी मारत बाजारातून वाट काढणारा माणूस हा. मी काकांना चहासुद्धा विचारला नाही.

आणखी एक गंमत. ते पोट कमी करायच्या मागे लागलेत. दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत, सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतात आणि आल्यावर पट्ट्याचं भोक मोजतात. पोटावर आडवा काळानिळा वळही उठलाय. बसचा दांडा लागला म्हणे. आई गुपचूप मलम लावते, मी गेले की डबी पदराआड.

आईचं मात्र मजेत आहे. ती जिथे जाईल तिथे तुझ्या गाडीचं कीर्तन करते. फलाटावर तू सामान फळीवर ठेवायला सांगितलंस, पण ती काय आपली पिशवी सोडणार आहे होय? तुझी नजर चुकवून शालीखाली मांडीवर घेऊन बसली! तीच ती, पाण्याची बाटली, छत्री, गोळ्यांची डबी आणि अर्धं घर असलेली. चढावर मळमळायला लागलं म्हणून पिशवी काढून गोळी घेतली म्हणे, तुमच्या त्या गाडीत एवढा शहाणपणा कुणाला सुचला असता, असं तिचं म्हणणं.

बंदराचं डोक्यातून काढ. तिथे तुला कोण बदकं देणार? बाबांना आणखी काही लिहू नकोस. चार दिवस गप्प बसलास तर कुणी तुला मुका म्हणणार नाही.

दाजींचा आशीर्वाद. माझी माया नेहमीचीच, तोंडाकडे बघू नकोस, हाताकडे बघ: सोबत दोन बनियन पाठवतेय.

तुझी ताई


२६ मे

ती. आईस,

सा. न. वि. वि. पत्र छोटं आहे, घाबरू नकोस. मी ठीक आहे.

एकच विचारतो. ताईने लिहिलंय की तुझी पिशवी मांडीवर, शालीखाली होती. आई, ती पिशवी मी उचललेली आहे. ती उशीएवढी जाड आहे. दांडा नीट लागला असेल तर त्याच्याखाली तळहातसुद्धा जेमतेम जातो. आम्हाला तसंच शिकवतात. एक तळहात जावा, दोन जाऊ नयेत. मग पिशवी कशी मावली?

मी दर बाकाला मांडीवर हात घालून बघतो. दिवसभर तेच करत होतो पॅनेल मिळायच्या आधी. बाया असोत, बाप्ये असोत, माफ करा म्हणायचं आणि बघायचं. तुझ्या मांडीवर मी हात घालून बघितलं नाही. मला संकोच वाटला. दांडा बाबांच्या पोटाला लागलेला दिसला आणि मी समजलो की झालं.

आणि बाबांच्या पोटावरचा वळ बसच्या दांड्याचा नाही ना?

खरं ते लिही. बाबा काय म्हणतील त्याचा विचार करू नकोस. उत्तर येईपर्यंत मला अन्न गोड लागणार नाही.

तुझा


३१ मे

चि. बाळास आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहिते. त्यांना सांगितलेलं नाही. ताईच्या दुकानात बसून लिहिते आहे, ती म्हणते तू सांग मी लिहिते, पण मी म्हटलं हे मीच लिहिणार.

गाडी वर चालली तसं मला मळमळलं. गोळी काढायला पिशवी उचलून बाजूला घेतली आणि बघते तर मांडीवर काहीच नाही. दांडा वर, मी खाली, मधे सगळी मोकळी जागा. मी गुडघा उचलून बघितला तर वर येतोय. मी यांना म्हटलं, अहो, मी इथे उभीसुद्धा राहू शकते. यांनी बघितलं. दांडा दाबून बघितला पण यांच्या पोटावर अडला होता, खाली येईना. पुढे अर्धाच चढ उरला होता आणि त्याच्यापुढे नुसतं आकाश दिसत होतं. यांनी एका हाताने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने शिट्टी काढली.

गाडी थांबली तेव्हा म्हणाले, पोराला ऐकू आलं बघ.

मग यांनी सगळा श्वास सोडला, पोट आत ओढलं आणि दांडा दाबला. एक टक झालं. पुन्हा श्वास सोडला, पुन्हा दाबला. असं करत करत माझ्या मांडीला टेकेपर्यंत आणला. मग तो वर जाईना. तसेच बसले पोट आवळून, तो उंच मुलगा किल्ली घेऊन येईपर्यंत. बोलता येत नव्हतं. मी म्हटलं कशाला हो हे, आता तर गाडी थांबली आहे. तर तुटक तुटक म्हणाले की आता कुणी येऊन हा दांडा असा बघितला, तर आपल्याला बसवलं कुणी ते विचारतील.

खाली आल्यावर म्हणाले, यातलं अक्षर बोलायचं नाही. मी म्हटलं लोक तुम्हाला भित्रा म्हणतात. तर म्हणाले म्हणू देत, माझी नोकरी संपली, त्याची सुरू व्हायची आहे.

पिशवी घेऊन बसले ते माझं चुकलं. तू सामान ठेव म्हणाला होतास. तू जेव नीट. बनियन घालून बघितलेस का, मोठे होत असतील तर परत पाठव.

तुझी आई


१२ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र बाबांना वाचून दाखव. त्यांना लिहायला तीनदा बसलो. पहिल्यांदा माफीचं लिहिलं ते सरकारी अर्जासारखं झालं, दुसऱ्यांदा भांडणच झालं की मला आधी का सांगितलं नाही, तिसऱ्यांदा नुसतं ती. बाबांस लिहून बदकांकडे पळालो. म्हणून तुझ्या खांद्यावर बंदूक.

आईचं पत्र आलं तेव्हा बंदराला जायची माझी पिशवी भरून झाली होती. तिथून होकारही आला होता. निघून गेलो असतो तर सगळं मिटलंच होतं. आजोबांचं ते चित्रण आता कुणी बघत नाही, त्याच्यानंतर कुणीतरी माकडाने टोपी पळवल्याचं काढलंय. शिट्ट्यासुद्धा कमी झाल्या होत्या. आणि बाबांनी पोट आवळून, लोकांचं हसू झेलून जे झाकलं ते आपण उघडायचं, हेही मनाला पटेना. मी स्वतःलाच दहादा सांगितलं, गप्प बस, बाबांची तीच इच्छा आहे.

पण ताई, बदकांच्या जागेवरून तो चढ समोर दिसतो. गाडी कटकट करत वर जाते आणि मला पुढच्या रांगेत कुणी जाड, कुणी बारीक असं दिसलं की मी गाडी खाली येईपर्यंत तिकडेच बघत राहतो. बारक्या पोरीला घेऊन बसलेला बाप. काकूंबरोबर काडीसारखी सून. लंबू तपासतो, मन लावून तपासतो, पण फलाटाच्या बाजूला जो बसलाय त्याच्याच मांडीवर. मीही तसंच करायचो. इतके दिवस काही झालं नाही ते नशिबाने, आमच्या हुशारीने नव्हे. एकदा असाच एक जाडजूड माणूस आणि त्याची एवढीशी मुलगी वर चालली होती आणि माझे दोन्ही हात बदकांच्या बटणावर गेले. बदकं थांबली. पोरं रडायला लागली. गाडी वर गेली, खाली आली, मुलगी हसत उतरली. मी मात्र तिथेच फतकल मारून बसलो.

त्याच दिवशी बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. दांडा मी बघितला, आईच्या बाजूने बघितला नाही, संकोचलो, म्हणून शिट्टी वाजली. वाटलं आता आभाळ कोसळणार. बाई उठल्या, गाडी बंद ठेवायला सांगितली, कँटीनमधल्या स्वयंपाक्याला बोलावलं. त्याचा घेर तुला माहीत नाही, आपले बाबा त्याच्यापुढे मोराचं पीस. बाई स्वतः अगदी बारीक. दोघं पुढच्या रांगेत बसली आणि लंबूला म्हणाल्या, रोजच्यासारखा लाव. त्याने लावला, ओढून बघितला, ठीक आहे म्हणाला. मग बाईंनी आपला जेवणाचा डबा, तीन पुडांचा, दांड्याखाली मांडीवर उभा ठेवला. ठेवला तो राहिला. लंबूचं तोंड बघण्यासारखं झालं. स्वयंपाक्याने विचारलं की आता गाडी सोडणार की काय, तेवढंच काय ते हसायला मिळालं.

आता नियम असा झालाय की हात आधी बारीक माणसाच्या मांडीवर जायचा, मग जाड्याच्या. शाली, कोट काढून. ज्यांच्यात फार फरक आहे त्यांना एका दांड्याखाली बसवायचंच नाही. नवरा-बायको भांडतात, आम्हाला वेगळं का केलं म्हणून. भांडू देत.

माझं काय झालं? तुला वाटेल शाबासकी मिळाली. गोष्टीत मिळते. बाई म्हणाल्या की लाल बटण दाबलंस ते बरोबर, कारण लिहिलंस ते अर्धवट, आणि दांडा तुझा होता. पॅनेल गेलं. या मोसमात तरी गेलं. कायम करायचं पुढच्या मोसमात बघू. बदकांवरून काढलं, पण आणलं कुठे तर फलाटावर, दांडे तपासायला, नव्याने, लंबूच्या हाताखाली! तो लंबू, ज्याला मी बाजूला हो म्हटलं होतं. तो मला पहिलीतल्या पोराला गिरवून द्यावं तसं शिकवतो. हात असा, तळवा असा, माफ करा म्हण, पुन्हा म्हण, हसून म्हण. मी दातओठ खातो आणि म्हणतो.

चिडलोय, ताई. खरं बोललो आणि खालच्या पायरीवर आलो, याला काय न्याय म्हणतात? बाई न्यायाने वागल्या हे कळतं, म्हणून तर जास्त चीड येते. तक्रार करायलाही जागा नाही.

पण पिशवी रिकामी केली. बंदराला नाही म्हणून कळवलं. आता मला शहाणा झाला वगैरे म्हणू नकोस. पायाला भिंगरी आहेच. फक्त गाडी सुटायच्या आधी त्या पुढच्या रांगेत दुसऱ्या कुणी हात घातला तर मला चैन पडत नाही, म्हणून थांबलोय.

बाबांना सांग, दुसऱ्यांदा वाढून घ्या. पोटाचा यात काही दोष नव्हता. आणि त्यांना मी जे लिहिलं, ते भिंगरीच्या दोरीचं, ते त्यांनी खिशातून काढून फाडून टाकावं. हे सांगताना तू माझ्यासारखं तोंड करू नकोस.

बनियन मोठे होतात. परत पाठवत नाही.

या वेळी नमस्कार सगळ्यांना, कुणालाही वगळून नाही.

तुझा,
भिंगऱ्या


२१ जून

चि. भिंगऱ्यास,

अनेक आशीर्वाद. ताईने तुझं पत्र वाचून दाखवलं. मग मी तिच्याकडून घेऊन स्वतः वाचलं, कारण ती तोंडं करत होती.

तू सांगायला नको होतंस असं मला आधी वाटलं. मी एवढं पोट आवळलं ते फुकट गेलं म्हणून दोन दिवस रागावलो होतो. मग तुझ्या आईने विचारलं की तिच्या जागी दुसऱ्या कुणाची आई असती तर? त्यावर मी तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं.

लंबू शिकवतो ते शीक. मला पहिल्या वर्षी माझ्यापेक्षा लहान पोराने तिकीट फाडायला शिकवलं होतं, त्याचा राग मला रिटायर होईपर्यंत होता. पण तिकीट नीट फाटायचं.

तुझी गाडी कुठे पोचत नाही असं मी म्हणालो होतो. माझ्या गाडीतून उतरलेला माणूस घरी पोचला की नाही ते मला कधी कळलं नाही. दार उघडलं, उतरला, गर्दीत गेला. तुझा प्रत्येक माणूस तुझ्यासमोर उतरतो, दोन पायांवर चालत जातो. हे त्या दिवशी जिन्यावरून खाली येताना माझ्या ध्यानात आलं. तेव्हा बोलायला श्वास नव्हता.

तुझं ते पत्र फाडलेलं नाही. अक्षर चांगलं आहे.

पुढच्या सुट्टीत येतो. पोट कमी होत नाही, तेव्हा आईला वेगळ्या बाकावर बसव, ती भांडेल, ऐकू नकोस. दांडा तूच बघ. हात घालून बघ, आई आहे म्हणून लाजू नकोस, तिनेही तुला आंघोळ घालताना कधी लाज धरली नाही. तिची पिशवी मी स्वतः फळीवर ठेवीन. सामान बाहेर ठेवा म्हणशील तेव्हा शिट्टीही तुझ्या हातात देईन, तुझ्याकडेच राहू दे.

तोवर ती माझ्या खिशात आहे. हे पत्र टाकायला निघताना दारात उभा राहून वाजवली. तुझी आई विचारते, आता कुणासाठी?

दोन वाजवल्या.

तुझे,
बाबा